पिवळ्या लोकरीचा गुंडा

“पुन्हा पिवळीच?” मावशींनी लोकरीचा गुंडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. “अगं, मागच्या गुरुवारी पिवळी, त्याच्या मागच्या गुरुवारी पिवळी. बाकीचे रंग काय संपावर गेलेत?”

टेबलापलीकडून बँकवाली हसली. “मावशी, पिवळा कुणालाही चालतो. मुलगा होवो, मुलगी होवो. शिवाय देणगीत पिवळीच ढीगभर आलीय. कुणा दुकानदाराची खपेना, त्यानं आपल्या गळ्यात मारली.”

“मग काय बोलायचं. धर्माची गाय, दात का गं नाय.” मावशींनी गुंडा पिशवीत टाकला आणि आठवडाभर विणलेलं टोपडं टेबलावर ठेवलं. “हे घे. या वेळी अगदी रडतखडत झालं. माझा डावा हात हल्ली सरकारी नोकर झालाय. जागेवर असतो, पण काम करत नाही.”

शेजारी एकच दुलई विणत बसलेल्या दोघी जावा खुदकन हसल्या. बँकवालीनं टोपडं तळहातावर पसरलं, “सुरेख झालंय” म्हणाली, आणि टेबलावरच्या टोपलीत न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवलं. “धुवून, नीट करून टाकते टोपलीत.” गेले कित्येक महिने ती असंच करत होती. मावशींना त्याचं कौतुकच वाटायचं. पोरगी दिवसभर बँकेत मान मोडून काम करते आणि वर म्हातारीची टोपडी धुते, असं त्या घरी सुनेला सांगायच्या. सून “हो ना” म्हणून दुसऱ्या कामाला लागायची.

ही बैठक भरायची ती हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत, लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत. पूर्वी तिथं धुतलेल्या चादरी रचून ठेवत. आता लोखंडी मांडण्या रिकाम्या होत्या, भिंतीतून जाणारा वाफेचा पाइप तेवढा अजून गरम असायचा, आणि खोलीला मुरलेला साबणाचा वास काही केल्या जात नव्हता. चादरींच्या घड्या घालायचं लांबलचक टेबल मधोमध होतं. दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्याभोवती सात-आठ बायका जमायच्या आणि वरच्या मजल्यावरच्या बाळांसाठी अंगडी-टोपडी विणायच्या. कुणी दोन सुयांवर, कुणी क्रोशावर. वेळेआधीच जगात आलेली, लिंबाएवढ्या मुठींची बाळं असत, ज्यांच्या मापाचं दुकानात काहीच मिळत नाही. त्यांना ही टोपडी जात.

बायका टोपड्यांसाठी येत हे खरं, पण तेवढ्यासाठीच येत असं म्हणणं म्हणजे माणसं लग्नाला फक्त आशीर्वाद द्यायला जातात असं म्हणण्यासारखं. त्या दोन जावाच घ्या. घरच्या वाटण्या झाल्यापासून एकमेकींशी अक्षर बोलत नसत. थोरली जिना उतरली की नाही ते दारातून बघून मग धाकटी उतरायची. पण गुरुवारी त्या एकाच दुलईची दोन टोकं मांडीवर घेऊन बसायच्या, आणि दुलई वाढत वाढत मधोमध आली की गुडघ्याला गुडघा लागायचा. मग “तुझी ओळ झाली का” एवढं तरी विचारावंच लागे. कोर्टाला जमलं नाही ते या दुलईनं केलं, असं मावशी म्हणत.

मावशींची स्वतःची सगळी नोकरी या खोलीच्या बरोबर खाली गेली होती. लॉन्ड्रीत. हॉस्पिटलातली सगळी दुःखं आमच्याकडे डाग होऊन यायची, असं त्या सांगायच्या. रक्ताचा डाग गार पाण्यात, चहाचा लगेच, औषधाचा निघाला तर नशीब. त्या नोकरीनं त्यांना गुडघेदुखी दिली, थोडं पेन्शन दिलं आणि मास्तरीणबाई दिल्या.

मास्तरीणबाईंचे यजमान वरच्या वॉर्डात महिनोन् महिने पडून होते, आणि बाई बाहेरच्या बाकावर बसून विणत असायच्या. हळूहळू त्यांच्या शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या रुग्णांच्या आया, बायका, सासवाही विणायला लागल्या. चादरींची गाडी ढकलत जाता-येता मावशी ते बघत. इतर वॉर्डांबाहेर बायका रडत असायच्या. या बाकावरच्या टाके मोजत असायच्या. मावशींना आधी ते विचित्र वाटलं, मग हवंहवंसं वाटलं. बाकावरच्या त्या बायकांचीच पुढे ही गुरुवारची बैठक झाली.

पुढे मावशींचा नवरा गेला. झोपेत गेला, जन्मभर कुणाला त्रास न देता जगला, तसाच. समाचाराला आलेल्या बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मावशींना श्वास घेता येईना. मास्तरीणबाई आल्या, पिशवीतून सुया काढल्या, टाके घालून त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, “रडायचं तर रड. पण टाका मोजून रड. चुकला तर उसवावं लागेल.” मावशी मोजत रडल्या. त्या ओळी इतक्या वेड्यावाकड्या झाल्या की शेवटी त्यांचं त्यांनाच हसू आलं. नवरा गेल्यावर आपण पुन्हा हसू, असं त्यांना वाटलं नव्हतं. गुरुवार त्यांचा झाला तो तेव्हापासून.

हळूहळू त्यांचा हात असा बसला की टोपलीतून मावशींचं टोपडं डोळे मिटून काढावं. वीण घट्ट, काठ सरळ, आणि टोक तर शोधून सापडायचं नाही. टोपडं पुरं झालं की लोकर कापतात, शेवटचे टाके आवळून गाठ मारतात आणि उरलेलं टोक जाड सुईनं विणीच्या आतून फिरवून दडवतात. बहुतेकींचं टोक दोन धुण्यांत बाहेर डोकावतं. “मावशींचं टोक यमालाही मिळायचं नाही,” असं धाकटी जाऊ म्हणायची.

मग मास्तरीणबाई थकल्या. डोळे गेलेच होते, आता आठवणही जाऊ लागली. सुलट कुठं, उलट कुठं, याचा मेळ राहिना. टाके गळायचे, टोपड्याला भोकं पडायची. त्यांना “आता पुरे” म्हणायची कुणाची छाती होणार? उपाय मावशींनी काढला. बाईंचं टोपडं “धुऊन आणते” म्हणून त्या घरी न्यायच्या, उसवायच्या, उसवलेली लोकर धुवून सरळ करायच्या आणि पुन्हा विणायच्या. तेही स्वतःसारखं नाही. बाईंचा हात सैल, म्हणून मावशी मुद्दाम जाड सुया घेऊन विणत, की वीण सैल उतरावी. ज्याचं टोपडं त्याच्या हातचं दिसलं पाहिजे, हा त्यांचा नेम. बाई टोपलीतलं आपलं टोपडं चाचपून म्हणायच्या, “अजून बरं जमतंय गं मला.” सगळ्या बायका माना खाली घालून मोजत बसायच्या. शेवटच्या वर्षात तर बाई टोक दडवायलाच विसरायला लागल्या. ते तसंच बोटभर बाहेर लोंबत असायचं. मावशींना बरंच पडायचं, उसवायला टोक शोधावं लागत नसे. टोपडं देताना बाई दर वेळी म्हणायच्या, “सांभाळून घे गं.” मावशी म्हणायच्या, “घेते हो बाई.”

बाई गेल्या त्या अशाच, सुया उशाशी ठेवून. आपण एक चांगलं काम केलं, असं मावशींना मनापासून वाटलं होतं. कधी उदास वाटलं की त्या ते आठवायच्या.

दोन वर्षांपूर्वी मावशींना झटका आला. हलका होता, डॉक्टर म्हणाले वाचलात. तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, पण डाव्या हाताची बोटं परत आली नाहीत. म्हणजे हलायची, पण त्यांना काही कळायचं नाही. सुई धरली आहे की सुटली आहे, हे बघून ठरवावं लागे, आणि बघायला डोळेही पूर्वीचे नव्हते. सहा महिने त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग एका गुरुवारी सुनेनं त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि त्या खोलीत आणून सोडलं. सगळ्यांनी उठून त्यांना बसवलं, चहा दिला, हातात सुया दिल्या. पहिला मोज्यांचा जोड त्यांनी दोन महिने घेतला, पण केला. त्यानंतर आणखी केले. मग बँकवाली म्हणाली, “मोजे पुष्कळ झालेत मावशी, तुम्ही टोपडीच करा.” तेव्हापासून टोपडी. तेव्हापासून पिवळी.

वॉर्डाच्या सिस्टर टोपली न्यायला यायच्या. त्या गुरुवारीही आल्या. “काय मावशी, तुमची टोपडी घातली की पोरं कशी शहाण्यासारखी झोपतात,” असं टोपलीकडे बघत म्हणाल्या आणि टोपली उचलून निघून गेल्या. मावशी त्या वाक्यावर आठवडा काढत. मुलगा कामाच्या पाळ्यांमध्ये, सून औषधाच्या दुकानात, दिवसभर घरात त्या आणि घड्याळ. पण वर कुठंतरी एक जीव आपल्या टोपड्यात झोपलाय, एवढं पुरायचं. दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी त्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसल्या, नवा गुंडा मांडीवर घेतला आणि टाके घालायला सुरुवात केली. लोकर त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून सरकायची. शाबूत राहिलेलं सगळं शहाणपण त्या एका बोटात गोळा झालं होतं. दुसऱ्या ओळीला त्या थांबल्या. लोकर सरळ येत नव्हती. बोटाखालून बारीक बारीक लाटा जात होत्या.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं लोकरीचं आहे. एकदा विणलेली लोकर उसवली तरी टाक्यांचं वळण अंगात धरून राहते. ती धुवावी लागते, ओली टांगावी लागते, तेव्हा कुठं विसरते. दुकानातून आलेल्या लोकरीला वळण नसतं. असेल कुठल्या जुन्या स्वेटरची, मावशींना वाटलं. दुकानदारानं जुनीच खपवली असेल. त्या विणत राहिल्या.

मग गाठ आली. थोड्या अंतरावर दुसरी आली. मग तिसरी. दोन गाठी साध्या होत्या, कुणीही मारावी तशा. तिसरी आली तेव्हा मावशींनी सुया मांडीवर ठेवल्या आणि लोकर खिडकीच्या उजेडात धरली. दोन वेढे आणि वरून आवळ. ती लॉन्ड्रीची गाठ होती. मळक्या चादरींची गाठोडी बांधून बांधून मावशींच्या हातात बसलेली. बाकी कुणी लोकर अशी जोडत नाही. गाठीशेजारी एक फिकट तपकिरी ठिपका होता. चहाचा. डाग ओळखण्यात मावशींचा जन्म गेला होता, आणि हा तर त्यांच्याच कपातला होता. मागे सुनेनं खुर्ची सरकवली तेव्हा पायाखाली येऊन लोकर तुटली होती, त्या घाईत कप हिंदकळला होता, आणि मावशी म्हणाल्या होत्या, “असू दे, बाळाला काय कळतंय.” त्या लोकरीचं टोपडं त्यांनी पुरं करून दिलं होतं. त्याचं सिस्टरांनी कौतुक केलं होतं.

आपण बाईंचं केलं तेच ही पोरगी आपलं करतेय, हे त्यांना आधी कळलं. ते सोसण्यासारखं होतं. पुन्हा विणून देत असेल बिचारी. मग खालून वर पाणी चढावं तसं दुसरं लक्षात आलं. पुन्हा विणलं असतं तर लोकर बाळाच्या डोक्यावर असती. ती इथं आहे, माझ्या मांडीवर. म्हणजे कुणी काही विणलेलंच नाही. मी विणते, ती उसवते. मी पुन्हा विणते, ती पुन्हा उसवते. माझं टोक तिला सापडत नाही म्हणून ती मधेच कात्री लावते आणि त्या गाठी मारते. देणगी नाही, दुकानदार नाही, वर कुठं कुणी झोपलेलं नाही. दोनच पिवळे गुंडे आहेत, एक जातो आणि एक येतो.

संध्याकाळी सून आली. तिनं पर्स खुंटीला लावली तेव्हा मावशी तिथंच बसलेल्या होत्या. दिवा लावलेला नव्हता.

“किती दिवस चाललंय हे?” मावशींनी विचारलं.

“काय, आई?”

मावशींनी गुंडा टेबलावर ठेवला. सून त्याच्याकडे बघत राहिली, मग चप्पल न काढताच समोर बसली. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“लोकरीनं सांगितलं.”

सुनेनं गुंडा उचलून पुन्हा खाली ठेवला. ती वाईट बाई नव्हती. तोंडानं फटकळ होती, सासूशी तिचं रोज एकदा तरी वाजायचं, पण झटक्यानंतर मावशींची वेणी तिनं घातली होती, त्यांना भरवलं होतं. “आई, तुम्ही मोजे करायचात ना आधी,” ती शेवटी म्हणाली. “त्यातल्या एकात टाका सुटलेला होता. आतून. एका बाळाच्या पायाच्या बोटाला तो धागा गुंडाळला गेला. सिस्टरांनी वेळेवर बघितलं म्हणून. बोट निळं पडलं होतं.”

“मग?”

“काही झालं नाही. बरं झालं बोट. पण सिस्टर म्हणाल्या, मावशींचं काहीच नको आता वॉर्डात.”

“मुलगा होता की मुलगी?”

“मी विचारलं नाही, आई.”

मावशींनी आपला डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. त्या हाताला काहीच माहीत नव्हतं. “आणि बँकवाली?”

“त्या आधी पुन्हा विणायच्या तुमची टोपडी. सुट्टीच्या दिवशी बसून. मग त्यांच्या आईचं दुखणं निघालं, जमेना. मग नुसतं उसवायला लागल्या. त्यांना वाईट वाटतं हो, मला फोन करून रडल्या एकदा. पण मीच म्हटलं, चालू राहू दे.” सुनेनं चप्पल काढून बाजूला सारली. “तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात. मी दुकानातून घरी यायला घाबरायचे. वाटायचं, दार उघडलं आणि… मला तुमचा गुरुवार हवा होता, आई. माझ्यासाठी हवा होता.”

आपलेच दात, आपलेच ओठ. चिडायचं तर कुणावर? मावशींना चिडायला माणूस मिळेना, आणि माणूस मिळाला नाही की राग आत वळतो. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. झोपही लागली नाही. डोळ्यांपुढं ते पायाचं बोट येत राहिलं, वाटाण्याएवढं, निळं. आपण ऊब पाठवली असं समजत होतो. आपण काय पाठवलं?

सकाळी त्यांनी सुनेला एवढंच सांगितलं, “तिला काही सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मग त्यांनी एक काम काढलं. कशासाठी काढलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विणलेल्या दोन ओळी उसवल्या. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि सगळी पिवळी लोकर त्यांच्यावर गुंडाळून तिची लडी केली. डाव्या हातानं चारदा सोडली, चारदा नव्यानं धरली. लडी कोमट पाण्यात बुडवली, हलकी दाबली, चहाच्या डागाला साबण लावला आणि गॅलरीतल्या दोरीवर टांगून खाली जुनं कुलूप बांधलं, वजनाला. उसवलेली लोकर तशीच गुंडाळायची नसते, हे बँकवालीला त्यांनीच शिकवलं होतं, पण हल्ली तिला धुवायला वेळ मिळत नसावा. लबाडी करायची तर नीट तरी करावी, त्या लोकरीकडे बघून पुटपुटल्या. दुसऱ्या दिवशी लोकर वाळली. हात फिरवून पाहिला, सरळ झाली होती. काही म्हणजे काही आठवत नसल्यासारखी.

त्याच लोकरीचं त्यांनी टोपडं विणलं. विणायचं कशाला, हा प्रश्न मनात रोज आला. पण हात रिकामे राहिले की ते बोट दिसायचं, आणि मोजत राहिलं की थोडा वेळ दिसायचं नाही. एवढाच काय तो विणकामाचा उपयोग उरला होता. डाव्या सुईवरून टाके गळले. कुठं गळले ते आता त्या शोधत होत्या, डोळ्यांजवळ धरून, आणि त्यांना ते सापडत होते. एकेका ओळीत दोन-दोन, तीन-तीन. इतके दिवस दिसले कसे नाहीत? दिसले असते, पण त्या बघतच नव्हत्या. त्या ऐकत होत्या, सुरेख झालंय म्हणून.

बुधवारी टोपडं पुरं झालं. मावशींनी लोकर कापली, वरचे टाके ओवून आवळले आणि टोक दडवायला जाड सुई हातात घेतली. सुईच्या नाकातून लोकर घालता घालता त्या थबकल्या.

मास्तरीणबाई टोक दडवायला विसरत नव्हत्या.

आठवण गेली होती, लेकीचं नाव आठवत नव्हतं, पण बाईंना हे माहीत होतं. कुणीतरी घरी नेऊन उसवणार आहे, तिला टोक शोधावं लागू नये. म्हणून ते बोटभर बाहेर. म्हणून “सांभाळून घे गं.” आणि आपण म्हणायचो, घेते हो बाई, आणि आपली पाठ आपणच थोपटायचो. एवढी वर्षं उराशी धरलेलं ते एकुलतं चांगलं काम मावशींनी मनात पुन्हा उलटून पाहिलं, आणि त्याच्या आतल्या बाजूला काय होतं ते त्यांना आज दिसलं. बाई टोपडं चाचपून “अजून बरं जमतंय मला” म्हणायच्या, ते स्वतःसाठी म्हणत नव्हत्या. आमच्यासाठी म्हणत होत्या. मावशी तिथंच बसून रडल्या, आणि या वेळी मोजायला हातात काही नव्हतं.

गुरुवारी सुनेनं त्यांना सोडलं. खोलीत पाइप गरम होता. जावांची दुलई आता इतकी वाढली होती की दोघींचे पाय तिच्याखाली दिसेनासे झाले होते.

“मी काय म्हणते,” मावशी बसता बसता म्हणाल्या, “मी आता लडी धरत जाईन. नाहीतर टोपली लावत जाईन. विणायला तुम्ही आहातच की.”

सगळ्यांच्या सुया एकदम थांबल्या. “हे काय भलतंच,” थोरली जाऊ म्हणाली. “लडी धरायला खुर्चीची पाठ आहे. तुम्ही विणा.”

“तुम्ही नाही विणलंत तर बैठकीची शोभाच गेली,” धाकटी म्हणाली.

“मावशी, असलं काही मनात आणू नका,” बँकवाली म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी भीती दिसली की मावशींना तिची दया आली. सुनेच्या चेहऱ्यावर हीच होती. म्हातारी हातातून सुटली तर काय करायचं, ही भीती. बाईंसमोर आपल्याही चेहऱ्यावर हीच असणार. खरी लडी धरायची तर ती अशी, काही माहीत नसल्यासारखी, धरावी लागते.

“बरं बाई, राहिलं,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून टोपडं काढून दिलं.

बँकवालीनं ते तळहातावर पसरलं. “सुरेख झालंय.” मग तिला ते दिसलं. “मावशी, टोक दडवायचं राहिलं वाटतं. तुमचं तर कधी राहत नाही.”

“राहिलं का?” मावशींनी वाकून पाहिलं. “विसरलेच बघ. वय झालं गं आता. सांभाळून घे.”

“घेते की. त्यात काय एवढं.” बँकवालीचा चेहरा मोकळा झाला. तिनं टोपडं आपल्या पिशवीत घातलं, चेन ओढली, आणि कपाटातून गुंडा काढून आणला. गेल्या गुरुवारी दिलेल्या टोपड्याचा असावा. गाठी वरूनच दिसत होत्या.

“पिवळीच आहे, मावशी.”

“चालेल. पिवळा कुणालाही चालतो.”

त्यांनी गुंडा मांडीवर घेतला, लोकर उजव्या बोटावर चढवली आणि टाके घालायला लागल्या. बोटाखालून लाटा जात होत्या. समोर बँकवालीच्या पिशवीच्या चेनमधून पिवळं टोक बोटभर बाहेर राहिलं होतं.